दुसऱ्याची पापे

पापनिवेदन ऐकायला बसणाऱ्या धर्मगुरूला एक अनुभव हमखास येतो. जाळीपलीकडचा आवाज सुरुवात स्वतःपासून करतो. पण दोन वाक्यांत तो सुनेवर येतो, मग दिरावर, मग बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यावर. पाच मिनिटांनी लक्षात येते की, आपण साऱ्या आळीची पापे ऐकली, फक्त समोर गुडघे टेकलेल्या माणसाचे पाप तेवढे राहून गेले. यात कुणाचे गुपित फोडल्यासारखे नाही. माझ्या कोणत्याही धर्मगुरुबंधूला विचारा, तो हसून मान डोलावेल. पॅट्रिक रॅडन कीफ या अमेरिकन पत्रकाराचा ‘से नथिंग’ हा २०१८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचताना मला त्या जाळीची वारंवार आठवण झाली. ग्रंथ उत्तर आयर्लंडमधील रक्तपाताचा आहे. त्या रक्तपाताचा हिशेब मिटवण्यासाठी ब्रिटिश संसदेने २०२३ साली एक कायदा केला आणि त्यावरून लंडन व डब्लिन या दोन शासनांत जो वाद जुंपला, तो समजून घेताना तर ती आठवण अधिकच तीव्र झाली. ग्रंथ आणि कायदा शेजारी ठेवून वाचावेत, असा या लेखाचा प्रयत्न आहे.

ग्रंथाचे शीर्षक शेमस हीनी या नोबेल पारितोषिक विजेत्या आयरिश कवीच्या एका कवितेच्या नावावरून घेतले आहे. ‘काही बोलू नका’ हा त्याचा सरळ अर्थ. कथा सुरू होते ती १९७२ च्या डिसेंबरात, बेलफास्टच्या डिव्हिस फ्लॅट्स या चाळवजा वस्तीत. जीन मॅकॉन्व्हिल नावाची एक विधवा, दहा मुलांची आई. जन्माने प्रॉटेस्टंट, विवाहामुळे कॅथलिक झालेली, म्हणजे त्या शहरात दोन्हीकडून परकी. एका संध्याकाळी काही माणसे घरात शिरली, त्यांतील काहींचे चेहरे झाकलेले होते, काही शेजारचेच होते. मुलांच्या देखत त्यांनी तिला नेले. ती परत आली नाही. मुले अनाथालयांत विखुरली. आयरिश रिपब्लिकन आर्मी म्हणजे आय.आर.ए. या संघटनेने तिला खबरी ठरवून मारले आणि गुपचूप पुरले, हे त्या संघटनेनेच कबूल करायला १९९९ साल उजाडावे लागले. ती खबरी होती याचा कोणताही पुरावा नाही, असा निष्कर्ष पोलीस लोकपालांनी २००६ साली काढला. तिच्या एका मुलाने प्रौढपणी जाहीरपणे सांगितले की, नेणाऱ्यांचे चेहरे आपण ओळखले होते, अजूनही ते रस्त्यात दिसतात, पण नावे सांगणार नाही. जिवाची भीती वाटते.

या एका प्रसंगाभोवती कीफ यांनी तीस वर्षांचा इतिहास विणला आहे. साडेतीन हजारांहून अधिक माणसे या संघर्षात मेली. मारणाऱ्यांत आय.आर.ए. होती, तिला शह देणारे राजनिष्ठ प्रॉटेस्टंट गट होते, ब्रिटिश सैनिक आणि पोलीसही होते. ‘गुड फ्रायडे करार’ म्हणून ओळखला जाणारा समझोता १० एप्रिल १९९८ रोजी झाला. त्याने बंदुका थांबल्या, कैदी दोन वर्षांच्या आत सुटले. मात्र मेलेल्यांचे काय करायचे, या प्रश्नाला कराराने हात घातला नाही. घातला असता तर करारच झाला नसता, हेही तितकेच खरे.

ग्रंथातील सर्वांत सरस भाग मला बॉस्टनच्या ध्वनिफितींचा वाटतो. अमेरिकेतील बॉस्टन कॉलेज या जेझुइटांनी स्थापलेल्या विद्यापीठाने २००१ पासून काही वर्षे जुन्या सशस्त्र कार्यकर्त्यांच्या गुप्त मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. ‘तुम्ही हयात असेपर्यंत यातील अक्षर बाहेर जाणार नाही,’ असे वचन दिले गेले. ब्रेंडन ह्यूज आणि डोलर्स प्राइस या आय.आर.ए.च्या दोन नामांकित योद्ध्यांनी त्या वचनावर विसंबून मन मोकळे केले. ह्यूज २००८ साली वारले, प्राइसबाई २०१३ साली. पण त्याआधीच, २०११ मध्ये, ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकन शासनाने विद्यापीठावर समन्स बजावले आणि वचन कोसळले. विद्यापीठाने अशा बाबतीत कायदेतज्ज्ञांचा नीट सल्ला घेऊ नये, याचे आश्चर्य वाटते. पापनिवेदनाच्या मुद्रेची नक्कल करायची आणि ती मुद्रा राखण्याचे बळ आपल्यापाशी आहे की नाही हे पाहायचे नाही, याला भाबडेपणा म्हणावे की निष्काळजीपणा? त्या फितींवर उभा राहिलेला खटलाही २०१९ साली ढासळला; न्यायाधीशांनी त्या फिती विश्वसनीय पुरावा म्हणून स्वीकारल्या नाहीत. वचनही गेले आणि न्यायही मिळाला नाही.

आता त्या मुलाखतींत काय आहे ते पाहावे. ह्यूज आणि प्राइस स्वतःची कृत्ये सांगतात, हे मान्य केले पाहिजे. जीन मॅकॉन्व्हिलला सीमेपार नेण्यात आपला भाग होता, हे प्राइसबाईंनी लपवले नाही. पण त्या बोलण्यातील तळमळ दुसरीकडे वळलेली आहे. जुन्या सहकाऱ्याने, जेरी ॲडम्स यांनी, राजकारणात मोठे होऊन आम्हांला वाऱ्यावर सोडले आणि आदेश तर त्यांचेच होते, हे त्या दोघांना जगाला सांगायचे आहे. ॲडम्स यांनी हे आरोप आणि आय.आर.ए.चे सदस्यत्वही सदैव नाकारले आहे. वस्तुस्थिती काय ती देव जाणे. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, हे निवेदन पश्चात्तापातून नव्हे, तर रागातून झाले आहे. शांतता झाली नसती तर ते झालेही नसते. कीफ यांच्या ध्यानी हे आले आहे आणि ते त्यांनी संयमाने दाखवले आहे, हे त्यांचे यश.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली अशी की, ग्रंथ जसजसा पुढे सरकतो तसतशी मॅकॉन्व्हिलची मुले फिकी होत जातात आणि प्राइस भगिनी उजळत जातात. तारुण्य, सौंदर्य, उपोषण, तुरुंग, एकीचा नटाशी विवाह: कादंबरीकाराला आणखी काय हवे? दहा अनाथ मुलांच्या आयुष्यात असे नाट्य नसते. लेखकाने ते पाहायला अधिक थांबायला हवे होते. बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट वस्तीतील शोक तर या चारशेहून अधिक पानांत जवळपास दिसतच नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रहस्यकथेचा साचा पत्करल्यावर शेवटी मारेकरी सापडावाच लागतो. कीफ शेवटच्या पानांत एका हयात व्यक्तीकडे बोट दाखवतात. त्या व्यक्तीने आरोप नाकारला आहे आणि कोणत्याही न्यायालयात तो सिद्ध झालेला नाही. जे न्यायालयाने करायचे ते लेखकाने केले, कारण न्यायालय ते करीत नव्हते. २०२४ साली या ग्रंथावर दूरदर्शन मालिकाही निघाली. म्हणजे आता तो निवाडा घरोघर पोहोचला.

आणि येथेच आपण कायद्याकडे येतो. लोक न्यायासाठी ग्रंथकाराकडे का पाहू लागतात, याचे उत्तर त्या कायद्याच्या इतिहासात आहे.

कायद्याचे नावच लांबलचक आहे: नॉर्दर्न आयर्लंड ट्रबल्स, लेगसी अँड रिकन्सिलिएशन ॲक्ट. १८ सप्टेंबर २०२३ रोजी त्यास राजसंमती मिळाली. नावातील तीन शब्दांवर थोडे थांबावे. ‘ट्रबल्स’ म्हणजे मराठीत ‘त्रास’, ‘कटकटी’. साडेतीन हजार माणसे मेली त्याला कटकटी म्हणायचे, ही तिथल्या लोकांचीच जुनी लकब आहे आणि तिच्यात एक केविलवाणी सभ्यता आहे. ‘लेगसी’ला आपण ‘वारसा’ म्हणतो. पण मराठीत वारसा अभिमानाने मिरवायचा असतो. येथे जे वारशाने आले आहे ते कर्ज आहे, आणि त्यास वारस म्हणून पुढे यायला कोणीच तयार नाही. तिसरा शब्द समेटाचा. तो आम्हां धर्मगुरूंचा शब्द. प्रायश्चित्त संस्काराला आमच्याकडे समेटाचा संस्कार असेही म्हणतात. म्हणून त्या शब्दाखाली कायद्यात प्रत्यक्ष काय लिहिले आहे, ते मी जरा बारकाईने पाहिले.

कायद्याने एक आयोग स्थापला. आपल्या कृत्याचा वृत्तांत, स्वतःच्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा, असा जो कोणी आयोगाला देईल, त्याला खटल्यापासून अभय. पश्चात्तापाची अट नाही. मृताच्या नातेवाइकांसमोर उभे राहण्याची अट नाही, त्यांच्या संमतीचीही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगानेही पश्चात्ताप सक्तीचा केला नव्हता, हे खरे. पण तेथे गंभीर गुन्ह्यांसाठी माफी मागणाऱ्याला उघड सुनावणीत, पीडितांच्या देखत बोलावे लागे, आणि पीडित विरोधही करू शकत. या कायद्यात ती उघड सुनावणी नाही. शिवाय दुसऱ्या बाजूने दारे बंद केली. पोलिसांचे तपास थांबले, नवे दिवाणी दावे थांबले, आणि १ मे २०२४ पासून अपूर्ण राहिलेल्या कॉरोनरच्या चौकश्याही थांबल्या.

शासन शिक्षा माफ करू शकते. कैदी सोडू शकते, १९९८ साली ते केलेही आणि लोकांनी मतदान करून ते गिळले. क्षमा मात्र शासनाच्या खिशात नसते. ती ज्याला जखम झाली त्याची असते.

कायद्याला उत्तर आयर्लंडच्या सर्व प्रमुख पक्षांनी विरोध केला. एरवी जे पक्ष एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत, ते येथे एका रांगेत उभे राहिले. आयर्लंडच्या शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की, आपण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात ब्रिटनविरुद्ध दावा लावणार, आणि पुढच्याच महिन्यात तो लावला. मित्रराष्ट्राने मित्रराष्ट्राला न्यायालयात खेचणे ही साधी गोष्ट नव्हे. कैद्यांवरील अत्याचारांबाबत आयर्लंडने असाच दावा १९७१ साली केला होता. त्यानंतर अर्धशतकाने हा प्रसंग आला. आयर्लंडचे म्हणणे असे की, युरोपीय मानवाधिकार करारनामा उत्तर आयर्लंडमध्ये लागू ठेवणे हा गुड फ्रायडे कराराचाच भाग आहे, आणि हत्येची चौकशी करण्याचे कर्तव्य तो करारनामा शासनावर टाकतो. बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अभयाची तरतूद त्या करारनाम्याशी विसंगत ठरवली. ती तरतूद प्रत्यक्षात कुणाला लाभलीच नाही.

चौकश्या थांबवण्याने काय गमावले जाते, हे समजण्यासाठी एकच उदाहरण पुरे. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्टच्या बॅलीमर्फी वस्तीत तीन दिवसांत गोळ्या लागून माणसे मेली. त्यांत फादर ह्यू मलन हे तेथील धर्मगुरू होते. मोकळ्या मैदानात जखमी होऊन पडलेल्या एका माणसाला मदत करायला ते पांढरे फडके हलवीत गेले आणि तेथेच पडले. मृतांपैकी अनेकांवर बंदूकधारी असल्याचा शिक्का बसला, आणि कुटुंबे तो शिक्का घेऊन पन्नास वर्षे जगली. अखेर कॉरोनरच्या चौकशीत ११ मे २०२१ रोजी न्यायमूर्ती कीगन यांनी निर्णय दिला की, मृत्यू पावलेले दहाही जण सर्वस्वी निरपराध होते. त्यांपैकी नऊ जण सैनिकांच्या गोळ्यांनी मेले. कुणाला शिक्षा झाली नाही. नातेवाइकांना ती हवीच होती असेही नाही. त्यांना ‘निरपराध’ हा शब्द हवा होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, ब्रिटिश शासनाने असे सारे मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. म्हातारपणी सैनिकांना न्यायालयात ओढू नये, ही त्यामागची एक प्रेरणा होती. त्या सैनिकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. विशीत ज्यांना परक्या गल्लीत बंदूक घेऊन उभे केले, त्यांना ऐंशीत जाब विचारायचा आणि ज्यांनी उभे केले ते कधीच निवृत्तिवेतन घेऊन स्वस्थ झालेले, यात काही न्याय नाही. पण मग जाब वरच्यांना विचारावा. प्रश्नच रद्द करू नये.

येथवर वाचकाला वाटेल की, डब्लिनचे शासन न्यायाच्या बाजूने आणि लंडनचे विरुद्ध. तसे मानायला माझे मन घेत नाही. दावा दाखल होताच ब्रिटनने उलट विचारले: १९९८ नंतर तुम्ही तुमच्या भूमीत किती जणांवर खटले भरलेत? प्रश्न कुचका होता, पण निराधार नव्हता. आय.आर.ए.ची माणसे सीमा ओलांडून जात, शस्त्रे तिकडे लपवत, प्रेते तिकडेच पुरत. मॅकॉन्व्हिलही सीमेपलीकडेच पुरलेली होती. उलट, मे १९७४ मध्ये डब्लिन व मॉनहन येथे एकाच दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांत तेहतीस माणसे मेली, तेव्हा ब्रिटनने आपली कागदपत्रे आयर्लंडच्या चौकशीपुढे पूर्णपणे उघड केली नाहीत. आय.आर.ए.मध्येच बसलेल्या ‘स्टेकनाइफ’ या टोपणनावाच्या ब्रिटिश हेराविषयीचा अंतरिम अहवाल मार्च २०२४ मध्ये आला. खबरी शोधून त्यांना संपवणाऱ्या पथकातच शासनाचा खबरी होता, आणि त्याने जितके जीव वाचवले त्याहून बहुधा अधिक गेले, असे त्यात म्हटले होते. त्याचे खरे नाव अधिकृतपणे उच्चारायलाही शासनाने नकार दिला. प्रत्येक शासन दुसऱ्याचे पाप मोठ्या आवाजात सांगते. स्वतःच्या कपाटाची किल्ली मात्र कुणाला सापडत नाही.

आणि आता मला माझ्याच घराकडे वळले पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिणाराही त्याच रांगेतला ठरेल.

३१ जुलै १९७२ रोजी क्लॉडी या लहानशा गावात तीन मोटारींत बॉम्ब फुटले आणि नऊ माणसे मेली. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, एक आठ वर्षांची मुलगी होती. पोलिसांचा संशय फादर जेम्स चेस्नी नावाच्या कॅथलिक धर्मगुरूवर होता. पोलीस लोकपालांच्या ऑगस्ट २०१० च्या अहवालाप्रमाणे, त्याला अटक करण्याऐवजी प्रकरण वर नेण्यात आले. ब्रिटिश मंत्री विल्यम व्हाइटलॉ आणि आयर्लंडचे कार्डिनल विल्यम कॉनवे यांची त्याविषयी बोलणी झाली आणि पुढे त्या धर्मगुरूची बदली सीमेपलीकडे डोनेगलला झाली. त्याची या गुन्ह्याबद्दल कधीही चौकशी झाली नाही. तो १९८० साली वारला. तो दोषी होता की नव्हता, हे आता कळणार नाही. कळू नये अशीच व्यवस्था झाली. तेव्हा धर्मगुरूला अटक केली असती तर दंगल पेटली असती, असे समर्थन करता येते. ज्यांनी त्या वर्षी बेलफास्ट पाहिले नाही त्यांनी ते सहज झटकू नये. पण एक गोष्ट मनातून जात नाही. एरवी एकमेकांवर अविश्वास ठेवणारे शासन आणि ख्रिस्तसभा येथे क्षणात एकमत झाली, आणि ते एकमत मौनावर झाले. ‘काही बोलू नका’ हा नियम केवळ डिव्हिस फ्लॅट्समधल्या भेदरलेल्या पोराने पाळला असे नाही, आमच्या वडीलधाऱ्यांनीही पाळला. कीफ यांच्या ग्रंथाला माझ्या लेखी जी किंमत आहे ती या ठिकाणी आहे: तो वाचताना आपल्याला आपल्या बाजूचे मौन ऐकू येऊ लागते.

दोन्ही बाजूंनी स्वतःपासून सुरुवात करावी, असा एक प्रयत्न झाला होता. प्रॉटेस्टंट आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि पूर्वी धर्मगुरू असलेले डेनिस ब्रॅडली यांनी जानेवारी २००९ मध्ये अहवाल दिला. त्यातील एका शिफारशीने गदारोळ झाला: मृत कोणीही असो, प्रत्येक कुटुंबाला बारा हजार पौंड द्यावेत. मारणारा मेला तर त्याच्या आईलाही तेच. लोक खवळले आणि अहवाल कपाटात गेला. आईच्या दुःखाला पक्ष नसतो, हे मला पटते. पण त्याची रक्कम ठरवून तोच धनादेश सर्वांच्या हाती द्यायला निघणे, ही घाई होती. २०१४ च्या स्टॉरमॉन्ट हाउस करारात दोन्ही शासनांनी पुन्हा एक आराखडा मान्य केला, त्याचा कायदा झालाच नाही. ब्रिटनमध्ये २०२४ साली सत्तांतर झाल्यावर दोन्ही शासने पुन्हा बोलू लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त चौकट जाहीर झाली, ऑक्टोबरात अभय रद्द करणारे नवे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले गेले, आणि आयर्लंडनेही आपल्या पोलिसांत या कामासाठी पथक नेमण्याचे मान्य केले. कलमे वाचून मी त्या विधेयकाची परीक्षा करणार नाही. कागदपत्रे कोण उघडणार आणि ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हणून कोणती झाकायची हे कोण ठरवणार, एवढेच मी पाहीन.

या साऱ्या कायद्यांच्या गर्दीत एक लहानसा कायदा हरवतो, आणि माझ्या मते कीफ यांनीही त्याला हवी तेवढी जागा दिली नाही. १९९९ साली दोन्ही शासनांनी मिळून, दोन्हीकडे कायदे करून, गुप्तपणे पुरलेल्यांचे अवशेष शोधणारा आयोग नेमला. माहिती देणाऱ्याची माहिती खटल्यात वापरायची नाही, एवढेच अभय. अन्य पुरावा मिळाला तर त्या माणसावर खटला भरण्याचा मार्ग मोकळाच. त्या कायद्याने शब्दाला अभय दिले, माणसाला नव्हे; समेटाचे नावही घेतले नाही. आणि बहुतेकांचे अवशेष त्या मार्गाने सापडले. जीन मॅकॉन्व्हिलचे मात्र ऑगस्ट २००३ मध्ये लाउथ परगण्यातील शेलिंग हिलच्या पुळणीवर फिरायला आलेल्यांना सापडले. ती नेहमी कपड्याला लावत असे त्या निळ्या सेफ्टी पिनेवरून मुलांनी तिला ओळखले.

किनाऱ्यालगतच्या एका धर्मग्रामात असताना मी एका बुडालेल्या खलाश्यासाठी शवपेटीविना मिस्सा अर्पण केली आहे. त्याच्या आईने नंतर कित्येक वर्षे रात्री पुढच्या दाराला कडी घातली नाही. थडगे म्हणजे काय, हे मला त्या बाईने शिकवले. सेमिनरीत ते शिकलो नव्हतो.

कोलंबा मॅक्व्हे नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण १९७५ साली नाहीसा झाला. मॉनहन परगण्यातील ब्रॅगनच्या दलदलीत त्याच्यासाठी पुनःपुन्हा खोदकाम झाले, हाती काही लागले नाही. त्याची आई व्हेरा त्याची वाट पाहत २००७ साली वारली. आयोगाने माहिती देणाऱ्यांसाठी एक दूरध्वनी क्रमांक आणि एक टपालपेटी ठेवली आहे. पत्रावर नाव घालावे लागत नाही.